सलमाच्या कप्प्याचा कोयंडा

मंगळवार, घोडपदेव

निवारागृहासाठी मी या हातांनी बारा पलंग केले, जेवणाचं लांब टेबल केलं, निवारागृह चालवणाऱ्या साहेबांचं मेज केलं आणि पोरांसाठी चोवीस कप्पे. कुठे शिकायला गेलो नाही, तरी एकाही दाराला केसभर फट नाही. फूटपाथवरच्या पोरांना कुलूप लावायला जागाच नसते, म्हणून प्रत्येक कप्प्याला वेगळ्या कुलपाचा हट्ट माझा.

आज बघतो तर सलमाच्या कप्प्याचा कोयंडा उचकटलेला. मुलं काय जपून ठेवतात ते पाहुण्यांना दाखवायला साहेबांनी काल तो फोडला. तोही माझ्याच पटाशीने! आत तिच्या मेलेल्या आईची ओढणी. पाहुण्यांनी फोटो काढले. दहा वर्षांची पोर, ओढणी उचलून परत भायखळ्याच्या पुलाखाली गेली. मी तिथे गेलो तर म्हणाली, "चाचा, तुम्हारा ताला झूठा निकला."

माझं कुलूप खोटं?

कोयंडा साहेबांच्या मेजावर आपटला. म्हटलं, "पाहुण्यांसमोर फोडलंत, त्यांच्यासमोरच तिची माफी मागा."

हसले. "अहो मिस्त्री, पोर आहे, विसरेल. तुम्ही आणखी चाळीस कप्पे करा. फक्त मास्टर चावी माझ्याकडे."

ती विसरेल की नाही, माहीत नाही. मी नाही विसरणार. शनिवारी देणगीदार येतायत. फाटकात उभा राहून एकेकाच्या हातावर तो वाकलेला कोयंडा ठेवणार आणि कोणी वाकवला ते सांगणार.

चाळीस कप्पे, मास्टर चावीसकट, दोन लाख रुपयांचं काम. नाही म्हणून आलो.