वीरेशच्या नावाची जोडणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कोल्हापूर पहिल्याच दिवशी आवडलं. स्टँडवर रिक्षावाल्याने, कुठनं आलाय पावणं, असं इतक्या खणखणीत आवाजात विचारलं की नांदेडचं नाव ऐकायला आजूबाजूच्या माणसांनीही माना वळवल्या. मला मोठे आवाज आवडतात. शाळेत होते तेव्हापासून मी सभांतून बोलते आहे. बुवाबाजीविरुद्ध बोलते, कंत्राटी कामगारांसाठी बोलते. पोटासाठी मात्र संगणकांच्या जोडण्या करते.

नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात. खोली राजारामपुरीत, ती कारखान्यातल्याच महांतेशने बघून दिली. घरमालकीण रत्नव्वा मूळच्या निपाणीकडच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज जात्यासारखा. पहिल्या तासात त्यांनी माझी, क्रांतीची, क्रांतव्वा केली, आणि ताटात शेंगाची चटणी वाढताना, नांदेडात जेवतात का नुसतं भाषण खातात, असं विचारलं. खोलीत टेबल-खुर्ची आधीचीच आहे. खुर्ची डावीकडे जरा झिजलेली. कुणीतरी बरीच वर्षं एका अंगावर रेलून बसलं असणार.

ही रोजनिशी कारखान्यातल्या संगणकावरच ठेवते आहे. घरून लिहायची तर जोडणी लावूनच लिहिता येईल. व्यवस्थापनाने वाचली तर वाचू दे. मी सभेत जे बोलते त्याहून वेगळं इथे काही नसेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जोडणी झाली! बुधवार-गुरुवार घरून काम करायचं म्हणून माझा लॅपटॉप आणि कारखान्यातला राउटर यांच्यात व्हीपीएन बांधायचं होतं. राउटर साच्यांसाठी वरून वाळू सोडणाऱ्या हॉपरशेजारच्या छोट्या केबिनमध्ये आहे. एक किल्ली तिकडे, तिची जोडीदार इकडे, आणि मधे बंद बोगदा. खातं जुन्या माणसाच्या नावावर होतं, वीरेश. काल मी ते बदलायला निघाले तर महांतेश म्हणाला, त्याचंच नाव ऱ्हाऊ दे की, सगळं त्याच नावावर चालतंय. असं ठेवणं चूक, हे मला कळतं. पण नवं खातं काढायचं तर बाहेरच्या कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. ठेवलं.

दुपारी रत्नव्वा चहा घेऊन वर आल्या आणि पडद्यावरचं नाव बघून थबकल्या. हे काय, विचारलं. समजावून सांगायची माझी हौस दांडगी. म्हटलं, कारखान्याच्या भिंतीच्या आतून थेट या टेबलापर्यंत रस्ता झालाय. गेटवरच्या पहारेकऱ्यालासुद्धा कळत नाही आत-बाहेर कोण जातं. त्यांनी विचारलं, दोन्ही बाजूंनी जाता येतं? म्हटलं, येतं.

इंटरनेटचा डबा खाली त्यांच्या सोप्यात आहे. त्यांना ताकीद दिली की मी वरून 'झालं' म्हटलं की बटण बंद करायचं. काम संपल्यावर दार उघडं ठेवणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वीरेश रत्नव्वांचा मुलगा होता. महांतेशने आज सांगितलं, तेही माझी नजर चुकवत. खोली त्याची, खुर्ची त्याची. हॉपरखालून तार ओढायला तो आत शिरला आणि वरून वाळू आली. व्यवस्थापनाने लिहिलं की तो त्या वेळी कामावर नव्हता, बाहेर रस्त्यावर अपघातात गेला. गेला म्हणजे संपला, आणि विषयही संपला.

यांच्या घरात रीत आहे. माणूस अपघाताने गेला तर त्या जागेवर जायचं, त्याला हाक मारून उठवायचं आणि घरापर्यंतचं एकेक गाव, एकेक वळण नाव घेऊन सांगत आणायचं. नाहीतर त्याला वाट सापडत नाही. रत्नव्वा गेल्या तेव्हा गेट उघडलं नाही. आईला आत सोडणं म्हणजे मुलगा आत मेला हे कबूल करणं! त्या बाहेरूनच ओरडून परत आल्या. महांतेशला म्हणाल्या होत्या, बाहेरनं मारलेली हाक आत जात न्हाय.

रक्त उकळतं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रत्नव्वांनी विचारलं, जोडणी लागली की मी इथं बसून त्याला बोलवू का.

मी भूत मानत नाही. भुताची भीती नेहमी कुठल्यातरी मालकाच्या सोयीची असते, हे मी गावोगाव सांगितलं आहे. पण आईला गेटवर अडवणारा माणूस मी मानते, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. माइक बंदच होता. म्हटलं, बोलवा.

त्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. शाळेला उशीर झालेल्या पोराला उठवावं तसं म्हणाल्या, "वीरू, ऊठ. चल. हे बघ, कागल आलं."

मग उठून भाकऱ्या करायला गेल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज गोकुळ शिरगाव आणि उजळाईवाडी. नाव घेतलं की त्या थोडं थांबतात, मागे राहिलेल्याला गाठू द्यावं तसं.

कळफलकात वाळू आहे. काळी, जळक्या वासाची, साच्याची वाळू. माझ्या पिशवीतून आली असणार. पिशवी झटकली. तिच्यात काही नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. इथल्या एका मंडळात व्याख्यान होतं. आयुष्यात माझा शब्द कधी अडला नव्हता. आज भर वाक्यात अडला. जीभ कोरडी, दातांखाली करकर. आणि तोंडून शब्द निघाला तो 'अव्वा'. लोकांना वाटलं, मी आईवर बोलते आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत मी खाली बसले.

मी माझ्या आईला आई म्हणते. अव्वा म्हणत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सायबर चौक. म्हणजे इथून पायी येण्याजोगं.

रत्नव्वांना सांगितलं, आता पुरे. मी दिवसभर त्याच्या खुर्चीत डावीकडे रेलून बसते आहे आणि मला ते कळतसुद्धा नाही. पाठ भाजते. उन्हात बसल्यासारखी नाही, भट्टीसमोर बसल्यासारखी.

त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब आणलंय त्याला. आता मधल्या रस्त्यावर सोडू व्हय?"

मी वादात हरत नाही. लॅपटॉप मिटला आणि वरून 'झालं' म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यात आले ती सरळ केबिनमध्ये. वीरेशचं खातं पुसलं. किल्ली पुसली. राउटर बंद करून पुन्हा लावला.

महांतेश दारात आला आणि माझ्या पाठीकडे बघून म्हणाला, वीऱ्या, कवा आलास रं. मी वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला. बसायची ढब त्याचीच वाटली, म्हणाला, आणि निघून गेला.

राउटरवर जोडणीचा हिरवा दिवा लागला आहे. कुणाची जोडणी? खातं मी पुसलं — लॅपटॉप माझ्या पिशवीत, बंद —

राजारामपुरीतून कोण —

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खोली सोडते आहे. सकाळीच सामान बांधलं; हे कारखान्यात बसून लिहिते आहे. खाली आले तर रत्नव्वा ताटं मांडत होत्या. दोन. एक त्यांचं.

दुसऱ्यासमोर बसले. बसायचं नव्हतं. हात आपोआप धुतले गेले. मला वांगं आवडत नाही, आणि मी मागून घेतलं.

त्या आज मला क्रांतव्वा म्हणाल्या नाहीत.  वाढत होत्या आणि हसत होत्या. इतकं आनंदी माणूस मी —

जाते. उद्याच्या पहिल्या गाडीने.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळ की दुपार? उजेड नाही.

आज कारखाना बंद. जोडणी मी लावलेली नाही. मग ही फाईल उघडी कशी? ही तर तिकडे असते. केबिनमध्ये —

तिकडे नाही. इकडे.

दोन्ही बाजूंनी जाता येतं. मीच सांगितलं होतं. नाव एकच होतं, त्याचं. एका नावावर दोघं कशी —

ओरडले. आवाज लागत नाही. माझा आवाज! तोंड वाळूने भरलंय. बोटं तेवढी चालतात.

समोर एक चौकोन. त्यात माझी खोली. ऊन आलंय खिडकीतून. खुर्चीत माझे कपडे, माझे केस, डावीकडे रेललेले. रत्नव्वा कपाळाला विभूती लावतायत. हळू हळू, तीन बोटांनी.

ती मान वर करते. माझं तोंड. म्हणतं, अव्वा.

रत्नव्वा, ती मी नाही — तो आहे — मी इकडे —

तोंड हसतं. आणि म्हणतं, "झालं."

त्या उठल्या. जिना उतरतायत. खाली बटण — मीच शिकवलं होतं —

रत्नव्वा, थांबा. बंद करू नका. मी आत आहे. मी अजून आ