लसणाचा वास

आम्स्टरडॅम, ११ फेब्रुवारी

प्रिय फेम्के,

तुझं पत्र मिळालं. सोमवारपासून तू धुरीच्या कामावर, तेही माझ्याच जुन्या वखारीत! "सीट्सेकाका, मला तुमच्यासारखा वास घ्यायला शिकवा," असं लिहिलंयस. वाचलं आणि तडक लिहायलाच बसलो बघ, पोरी.

बंदरात मला सगळे 'नाकाड्या' म्हणायचे. कोकोच्या पोत्यांवर ताडपत्री घालायची, खाली विषारी गॅसच्या गोळ्या ठेवायच्या, दारावर कवटीची पाटी लावायची, की कीड खलास. सहा दिवसांनी दार उघडून मी नाक आत घालायचो. लसणासारखा वास आला की थांबा, नाही आला की चला! गॅस मोजायच्या नळीला आम्ही भित्र्यांचं खेळणं म्हणायचो. तुझा बाबा म्हणायचा, "पगारवाढ याच्या नाकाला द्या, याला नको!" केवढी मस्ती होती आम्हाला.

त्या फेब्रुवारीत थंडी मरणाची होती. थंडीत गोळ्या गॅस सावकाश सोडतात, मला ठाऊक होतं. पोती वास शोषून घेतात आणि विष तसंच राहतं, हेही शिकवलं होतं. तरी मी नुसतं हुंगलं, कागदावर गॅस 'शून्य' लिहून सही केली आणि पाटी उतरवली. सही करील त्यानं आधी आत जायचं, असा आमचा रिवाज. मी सिगारेट पेटवली आणि तुझ्या बाबाला, हर्मेनला म्हणालो, "हो पुढे, आलोच मी." तुझा बाबा शीळ घालत आत गेला.

पाटी न बघताच घुसला म्हणून मेला, असं सगळे म्हणाले. तुझी आई शेवटपर्यंत त्याच्यावर चिडून होती, "आमच्यापेक्षा त्याला घाई प्यारी!" मी तिच्याच टेबलाशी वाटाण्याचं सूप ओरपत मान खाली घालून बसायचो. थू माझ्या जिनगानीवर.

फेम्के, दारावर पाटी नव्हतीच गं. तुझ्या बाबाला बाहेर ओढून काढल्यावर ती मी परत लावली, आणि 'शून्य' लिहिलेला कागद खिशात घातला. तो सोबत पाठवतोय, एकवीस वर्षं जपलेला. पोलिसांना दे, मी काही नाकारणार नाही. माझं तोंड बघू नकोस हवं तर. पण सोमवारी आधी नळी लाव, आणि कुणी माझ्या नाकाचं कौतुक केलं, तर त्याला हा कागद दाखव.

तुझाच, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
सीट्सेकाका