भीती या विषयावरचं शिबिर

१ डिसेंबर, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आपल्या जळगावच्या चर्चचा तरुण संघ माझ्याकडे सोपवला. आधीच्या सरांच्या वेळी पोरं मोबाईल बघत बसायची. आता बघा म्हणावं. पहिला विषय ठरला: भीती. त्यावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण मला ती नाहीच.

५ डिसेंबर, गुरुवार
हॉलमध्ये चर्चा ठेवली. भूषण झोपला. हेमांगीने विचारलं, सर, प्रत्यक्ष काही करायचं नाही का? सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मी उठून पंखा लावला. डिसेंबरातही उकडतं.
रोशनी म्हणाली, चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, तिथे शिबिर घेऊ. लगेच हो म्हटलं. विचार न करता निर्णय घेणं, यालाच लीडरशिप म्हणतात.

९ डिसेंबर, सोमवार
तिकडे बिबट्या दिसला म्हणे. माझं काही नाही, पण पोरांची जबाबदारी असते. पाळकसाहेबांना म्हटलं, शिबिर हॉलमध्येच घेऊ या. ते म्हणाले, गाडी ठरली.
ॲक्टिव्हिटी: 'विश्वासाची वाट'. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्याने हात धरून चालवायचं.

१४ डिसेंबर, शनिवार
शिबिरात आधी करून दाखवायचं म्हणून पट्टी मीच बांधली. रोशनी हात धरून नेत होती. नाल्याकाठी झुडपात काहीतरी जोरात फुरफुरलं.
पुढचं नीट आठवत नाही. पट्टी निघाली तेव्हा मी झाडावर होतो आणि रोशनी खाली दगडांत पडलेली. तिचे काका चैत्राम धावत आले. झुडपात बघून म्हणाले, "म्हैस शे, सर."
रोशनीचा हात मोडलाय. चोपड्याच्या दवाखान्यापर्यंत ती रडली नाही. मी गाडीत मोठ्याने प्रार्थना करत होतो. ड्रायव्हर म्हणाला, जरा हळू करा.

१५ डिसेंबर, रविवार
पाळकसाहेबांना सांगितलं, तिचा पाय घसरला. घसरलाच होता. माझा धक्का लागल्यावर. एवढं सांगायचं राहिलं.

१७ डिसेंबर, मंगळवार, दुपारी
रोशनी माझ्या घरी आली. हाताला प्लॅस्टर. मीच आधी विचारलं, पाळकसाहेबांना काय सांगितलंस?
"काहीच नाही. ते तुम्ही सांगा."
जाताना दारात थांबली. "भीती मलाही वाटली होती, सर. पण मी तुमचा हात सोडला नव्हता."
चहाचंही विचारलं नाही मी. ती गेल्यावर भरदुपारी दाराला कडी लावली. कशासाठी, कोण जाणे.