अक्षराची हत्यारं

प्रिय आई,

फोनवर हा विषय काढला की तू रडायला लागतेस, राजीव फोन काढून घेतो आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. म्हणून लिहितोय. कॉव्हेंट्रीहून लेस्टरला पत्र पाठवतोय म्हटल्यावर सुमन हसली. बायकोला हसवायला आजकाल मला बरेच उद्योग करावे लागतात, हा फुकटात जमला.

रविवारी तू सांगितलंस की तनूने प्लंबिंगचा नाद सोडला, आता ती निमूट बारावीसारखं पुस्तकी ए-लेव्हल करणार. कॉलेजने तिची प्लंबिंगची जागा शुक्रवारपर्यंत राखून ठेवली आहे, ती तुम्ही सोडून देणार. राजीव काय, तुझा धाकटा लेक; स्वतःच्या पोरीच्या बाबतीतही तू म्हणशील तसं करतो. मुलींच्या हाताला ही कामं झेपत नाहीत, अक्षराचं बघितलं ना, असं तू म्हणालीस. त्यानंतर मला धड जेवण गेलेलं नाही.

आमच्या अक्षराची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. फिजिओवाली बाई चांगली आहे, पण ती आता 'किती सुधारेल' असं म्हणते, 'कधी सुधारेल' म्हणत नाही. पोरगी डाव्या हाताने जेवते. शर्टाची बटणं लावताना दार लावून घेते आणि सुमन बाहेर उभी राहते. कॉलेजचा थिअरीचा पेपर ती देऊ शकेल, पण साइटवरचं प्रत्यक्ष काम पुरं झाल्याशिवाय तिच्या इलेक्ट्रिकच्या कोर्सचं टी-लेव्हल प्रमाणपत्र मिळत नाही, आणि आता तिला साइटवर कोण घेणार? अठराव्या वर्षी ती दुपारपर्यंत अंथरुणात पडून असते. मला हे बघवत नाही.

तिने हा कोर्स घेतला तेव्हा मंडळात लोकांनी काय तोंडं केली होती, आठवतं? मार्क कमी पडले का, असं एकाने मला पार्किंगमध्ये गाठून विचारलं. विद्यापीठाला लागणारे पॉइंट्सही मिळतात आणि सोबत इलेक्ट्रिशियनचं कामही हातात येतं, हे समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. तू मात्र नाही दमलीस. गणपतीत स्टेजचे दिवे गेले आणि अक्षराने ते लावून दिले, तर तू हॉलभर सगळ्यांना सांगत फिरलीस. तिच्या बाजूने पहिल्यापासून कोण उभं होतं, तर तू. म्हणून तुझं रविवारचं बोलणं जास्त लागलं.

नवरात्रात तू आमच्याकडे होतीस. खंडेनवमीला तू तिची बॅग रिकामी केलीस. बाबांच्या वर्कशॉपमध्ये व्हायची तशी पूजा व्हायला हवी, असा तुझा हट्ट. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, सगळं सिंकमध्ये साबणाच्या पाण्याने धुतलंस, पुसलंस, पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलंस. अक्षरा कॉलेजहून आली आणि ते बघून हरखली. मैत्रिणींना फोटो पाठवले. तू तिच्या कपाळाला कुंकू लावलंस तेव्हा तिने वाकून तुला नमस्कार केला, इथे जन्मलेल्या पोरीने, कुणी न सांगता.

पुढच्या आठवड्यात साइटवर तिने नियमाप्रमाणे टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघितला. त्यातला दिवा लागला, म्हणजे टेस्टर ठीक. मग ज्या वायरवर काम करायचं होतं तिला लावला, तेव्हा लागला नाही. वायर बंद आहे असं समजून तिने हात घातला. ती बंद नव्हती.

चौकशीत कॉलेजने तो टेस्टर आमच्यासमोर उघडला. आत ओल शिरून गंज चढला होता, म्हणून दिवा कधी लागायचा, कधी नाही, आणि कडेला लाल पूड होती. सरांनी विचारलं, हे काय? भिंतीवर रेषा मारायच्या खडूची पूड असेल, असं अक्षराने सांगितलं. टेस्टर आपल्याच हातून सिंकमध्ये पडला होता, असंही तिने सांगितलं. सगळा हलगर्जीपणा तिच्या नावावर लागला आणि तेच तुमच्यापर्यंत पोचलं. आई, ते कुंकू होतं. गाडीत बसल्यावर तिने माझ्याकडून वचन घेतलं की आजीला हे कधीही कळू द्यायचं नाही, आजी जगणार नाही. ते वचन मी आज मोडतोय. तू प्रेमाने केलंस, हे मला आणि तिलाही ठाऊक आहे. तुझ्यावर माझा राग नाही, पण तुझ्या जिवाला हे किती लागेल ते कळूनही लिहितोय. अक्षराच्या हाताची काही चूक नव्हती. तिचा हात दाखवून तू तनूला अडवू नकोस. शुक्रवारच्या आत राजीवला सांग, पोरीला जाऊ दे.

तुझाच,
जयंत