मावशीने विडा तोडला

आई, परवा मावशीने विडा तोडला. काकांना ऐंशी पूर्ण झाली, म्हणून मेलकावेरीच्या घरी इथल्या तमिळ रीतीप्रमाणे दोघांचं पुन्हा लग्न लागलं. बाबांच्या साठीला तुमचंही लागलं होतं. बाबांनी दातांत विडा धरून तोंड पुढे केलं आणि तू पदराआड बोटांनीच तुकडा तोडलास. "लाजली गे, लाजली!" म्हणत सगळे हसले. मी तेव्हा दातांच्या कॉलेजात शिकत होते. लाज कसली, ते मला एकटीला कळलं होतं.

तुझे खालचे पुढचे दात शाबूत होते, मागे दोन्हीकडे नुसत्या हिरड्या. पुढच्या दातांना तारेने अडकवलेली ती कवळी चावलं की मागे हिरडीत रुते, आणि चिकट काही ओढलं की मागून उठे. एकाच बाजूच्या कड्यांवर टांगलेल्या झोपाळ्यासारखी तिची गत, आणि सगळा ताण त्या तारेच्या दातांवर. स्वयंपाकघरात तू आमच्याकडे पाठ करून बसली आहेस, चकलीसारखा कडक मुरुक्कू कुटून सांबारात भिजवते आहेस. मी विचारते, तर म्हणतेस, "नाचतात गे दांत. नाचूं देत. तूं जेव." पुढे तारेचे दातही एकेक करून हलले. तू होतीस तोवर आपल्या गावात यावर इलाज नव्हता.

मावशीचं तोंड म्हणजे तुझंच, कवळीही तशीच तारेची. गेल्या वर्षी ती माझ्या दवाखान्यात येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लग्नांत विडा तोडायाचा आहे मज. पदर घेणार नाही. होईल की नाही, तेवढं सांग." मी "सरि", ठीक आहे, म्हटलं खरं, पण खात्री नव्हती. या वयाचं हाड धरेल का? मागे दोन्हीकडे टायटॅनियमचा एकेक इवलासा खुंट हाडात बसवला आणि काही महिने वाट पाहिली. हाडाने धरलं! परक्या धातूला हाड आपलं म्हणतं, हे मी कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी थक्क होते. मग खुंटांवर बटणं लावली आणि तिची जुनीच कवळी त्यांवर टिचकन बसवली. मागे अंगठ्याने दाबलं, रुतली नाही. ओढून पाहिली, उठली नाही. दुसरं बोट तारेच्या दातावर होतं. एरवी दाबलं की शहारणारा तो दात गप्प उभा होता. भार आता मागे हाडात उतरत होता. परीक्षेत याच भाराचे बाण काढून मी मार्क मिळवले होते, पण त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

परवा काकांनी विडा दातांत घट्ट धरला, मुद्दामच. मावशीने पदर खांद्यावर सारला, पुढे वाकली आणि एका हिसक्यात अर्ध्याहून जास्त विडा तोडून घेतला. मांडवभर हशा, आणि ती सगळ्यांच्या देखत मजेत चावते आहे.

नंतर तिला बाजूला नेऊन मी तोंड उघडायला लावलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. "कांय गे, सैल झालं कीं?" तिने घाबरून विचारलं. मी म्हटलं, तपासतेय. तपासण्यासारखं काही नव्हतं, आई. मला तुझा जबडा पाहायचा होता.