दोरीवरच्या पट्ट्या

चि. उल्हास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र पाठवायचं काम उरलं नाही, तरी लिहून राहिली. आनंद पोटात मावत नाही रे.

तुझे बाबा बॉक्सिंगचे चॅम्पियन, पण म्हातारपणी हात असे थरथरायचे की चहा मी पाजायची. म्हणून तू दुर्वाला बॉक्सिंग नको म्हटलं, ते समजते मला. पण तुझी लेक शिकायला माझ्याजवळ राहिली अन् चोरून ओमती मोहल्ल्यातल्या बॉक्सिंगच्या आखाड्यात जाऊ लागली. काल जिंकली! हरलेल्या पोरीला आधी जवळ घेतलं, अगदी बाबांसारखं. मी गल्लीत खव्याची जिलेबी वाटली. भाजीवाला भैया म्हणे, "दादी, शादी तय हो गई क्या?"

अच्छा, तर आज दुपारी तुझा व्हिडिओ कॉल आला, अन् माझ्यामागे दोरीवर तिच्या हाताला बांधायच्या ओल्या पट्ट्या! मी फोन वळवला, पण तुला दिसल्याच. मग म्हणालास, "आई, उन्हात नको वाळवू. बाबांच्या कडक व्हायच्या, मग हाताला लागायच्या."

या पट्ट्या कोणाच्या, ते तू विचारलं नाहीस. मी उठली अन् पट्ट्या सावलीत घातल्या.

तुझी,
आई