पाठ कोण पाहतं?

६ मार्च
कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी आज माझ्या पाठीवर दिव्याचं भिंग टेकवलं आणि बोलता बोलता थांबल्या. एरवी त्यांच्या तोंडाला टाळा नसतो.

"हा डाग कधीपासून?"

डाग? कुठला डाग?

"खांद्याच्या पात्याखाली. घरी पाठ कोण पाहतं तुमची?"

ताई, म्हटलं. आई कातडीच्या कॅन्सरने गेली, तेव्हा ह्याच बाईंनी आम्हा बहिणींना बजावलं होतं — तुम्हाला धोका जास्त. वर्षातून एकदा इथे या आणि दर महिन्याला घरी एकमेकींची पाठ पाहा. त्यात मी पोहायला शिकवते, दिवसभर उघड्या तलावावर. म्हणून आम्ही नेमाने पाहतो.

बाईंनी तुकडा कापून तपासायला पाठवला. म्हणाल्या, "हा काही कालपरवाचा नाही."

७ मार्च
ताईला अजून विचारलं नाही. टाके ओढतात.

९ मार्च
ताई रफू करते. कोट कुठे फाटला होता ते गिऱ्हाइकाला नंतर शोधून सापडत नाही, असा हात. तुटलेला एक धागा दिसतो तिला — आणि बहिणीच्या पाठीवरचा डाग दिसू नये? "तीळ एवढे आहेत तुझ्या पाठीवर, पेरले तर पीक येईल," म्हणायची. मी हसायचे आणि निर्धास्त गाऊन वर ओढायचे. मूर्ख मी!

१२ मार्च
विचारलं. आधी म्हणाली उजेड कमी असेल. मग म्हणाली नवीन असेल. मग भांडी घासायला उठली. मी जाऊन नळ बंद केला.

"मी बघतच नव्हते," ती म्हणाली. "डोळे मिटून नुसता हात फिरवायचे. आईच्या पाठीवरची जखम मीच धुवायचे ना, तू पोहण्याच्या शिबिरांना असायचीस. तुझी पाठ समोर आली की मला तीच दिसते गं."

मग तसं सांगायचं! दुसऱ्या कुणाला दाखवली असती. शेजारणीला, तलावावरच्या झाडूवालीला, कुणालाही. हिच्या भरवशावर मी बाईंकडची तपासणी पुढे ढकलत राहिले. डोळ्यांत तेल घालून पाहतेय म्हणे! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिच्यासोबत एकाच घरात राहायचंय.

१५ मार्च
अबोला. ती माझं ताट झाकून ठेवते. मी बाहेर खाऊन येते.

२० मार्च
कॅन्सरच. बाई म्हणतात, फार खोल गेला नसावा, पण आजूबाजूचं बरंच काढावं लागेल, पसरलाय का ते कळायला काखेतली एक गाठही काढून तपासायची. भीती वाटते. फार वाटते.

ताई दारात उभी होती. "मी येते सोबत."

नको म्हटलं. तिचा चेहरा पडला. पडू दे.

२३ मार्च
बाईंनी ताईलाही बोलावलंय. ती जायला तयार नाही. "तूच बघ. तू काही नाही म्हणालीस तर कशाला जाऊ मी तिथे?"

पाहिली. कमरेच्या जरा वर काळा डाग, कडा वेड्यावाकड्या. मागच्या महिन्यात नव्हता. तिची मान भीतीने ताठ झालेली.

"आहे का गं काही?"

"नाही," म्हणाले मी. डोळे तर माझे चांगले उघडे होते.